उंदीर, प्रयोगशालेय : वंश व मुंबईतील संशोधन

सलग किमान २० पिढ्या सख्ख्या भावा-बहिणींच्या मीलनातून निर्माण केलेल्या प्राण्यांच्या समूहास अंतःप्रजनित वंश म्हणतात. या पद्धतीने सुमारे ९८·६ टक्के जनुकजोड्यांतील दोन्ही जनुके सारखी होतात आणि एका वंशातील प्राणी आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकरूप बनतात. मराठीत ‘उंदीर’ हा शब्द रॅट व माउस या दोहोंस लावतात. येथे पहिल्यास उंदीर व दुसऱ्या, लहान प्राण्यास मूषक म्हटले आहे.

मुंबईत या विषयाचा आरंभ प्लेगपासून होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात साथ उघडकीस आली. हाफकिन यांची प्लेगविषयक प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. तेथे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने शहरातील उंदरांचा अभ्यास केला. गटारांत राहणारा तपकिरी उंदीर (रॅटस नॉर्व्हेजिकस) आणि चाळींत, माणसांच्या अगदी निकट राहणारा काळा उंदीर (रॅटस रॅटस) या दोन जाती प्रमुख होत्या. रोग प्रथम तपकिरी उंदरांत, मग काळ्यांत व शेवटी माणसांत पसरे आणि पिसवा तो वाहून नेत, असे आढळले.

आयोगाच्या कामातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. मात्र पिसवांच्या शोधापुढे तो झाकोळला. प्लेगने वारंवार ग्रासलेल्या मुंबईतील उंदरांपैकी पुष्कळ उंदीर रोगजंतू टोचूनही जगत, तर प्लेगपासून बहुतांशी मुक्त राहिलेल्या मद्रासचे उंदीर बहुसंख्येने मरत. साथीत दुर्बल उंदीर मरून प्रतिकारक्षम उंदरांची संतती उरली, हे याचे संभाव्य कारण होय. एकाच जातीचे पण भिन्न पूर्वजांचे प्राणी एकाच जंतूला भिन्न प्रतिसाद देतात, हा याचा अर्थ. लसीची क्षमता मोजण्यास असे प्राणी विश्वसनीय ठरत नाहीत. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखे यांनी १९३० नंतरच्या दशकात प्लेग लसीच्या परीक्षणासाठी पांढऱ्या मूषकांचा उपयोग केला.

जगभरातील प्रयोगशालेय उंदीर हे गटारातील त्याच तपकिरी उंदराचे माणसाळलेले वंशज आहेत. फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत हेलेन डीन किंग यांनी १९०९ मध्ये त्यांचे अंतःप्रजनन सुरू केले. लुईस वंश आणि १९६३ मध्ये क्योटो येथून प्रसिद्ध झालेला उच्च रक्तदाबाचा वंश यांचे मूळ विस्टार उंदरांतच आहे. लाँग-एव्हन्स उंदीर विस्टार मादी व रानटी नर यांच्या संकरातून आले. म्हणजे नावे अनेक असली, तरी बरीच घराणी एकाच कुळातील आहेत. ब्राउन नॉर्वे वंश मात्र पकडलेल्या रानटी उंदरांपासून निघाला व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदराचा जीनोम याच वंशाचा होता.

परळमध्ये हा प्रश्न पुढे कर्करोगाच्या संदर्भात आला. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि १९५२ मध्ये व्ही. आर. खानोलकर यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी मूषकांतील स्तनकर्करोगाचा वंश, प्रसूती व संप्रेरके यांच्याशी संबंध अभ्यासला. स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक असलेला, केंद्राच्या नावावरून ‘आयसीआरसी’ म्हणून ओळखला जाणारा मूषकवंश याच केंद्रातला.

परंतु वंश म्हणजे केवळ जनुके नव्हेत. अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले की, रोगप्रवण वंशाची पिले दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविल्यास त्यांतील स्तनकर्करोगाचे प्रमाण घटते. दुधातून जाणारा हा घटक पुढे विषाणू ठरला. मूषकांत दिसलेले माणसातही असेल काय, हे पाहण्यासाठी मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले गेले आणि १९७१ मध्ये त्यांत विषाणूसदृश कण आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. बहुधा अंतर्विवाह करणारा हा लहान समाज आणि त्यात स्तनकर्करोगाचे अधिक प्रमाण यांमुळे ही तुलना मोहक वाटली. पण असा विषाणू मानवी स्तनकर्करोगाचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. परळ येथील कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये खारघर येथे स्थलांतरित झाली.