स्त्रियांची धाव आणि अंतराचे माप

समाज स्त्रीस किती मोकळीक देतो हे त्याच्या कायद्यांवरून जसे कळते, तसेच त्याच्या क्रीडांगणावरूनही कळते. प्राचीन ग्रीस देशात ऑलिंपिया येथे हेरा देवीच्या उत्सवात कुमारिकांच्या धावण्याच्या शर्यती होत. परंतु त्यांच्यासाठी धावेचे अंतर सहाव्या हिश्श्याने कमी केलेले असे, असे पौसानियस हा ग्रीक प्रवासी लिहून ठेवतो. स्त्रीने किती धावावे हे इतरांनी ठरवावयाचे, ही रीत इतकी जुनी आहे.

अर्वाचीन ऑलिंपिक सामने १८९६ साली अथेन्स येथे सुरू झाले, तेव्हा त्यांत एकही स्त्री नव्हती. १९०० साली पॅरिस येथे टेनिससारख्या मोजक्या खेळांत स्त्रियांस प्रवेश मिळाला. धावण्याच्या शर्यतींचे दार मात्र बंदच राहिले. तेव्हा अलीस मिलिया या फ्रेंच बाईंनी १९२२ साली पॅरिस येथे स्त्रियांचे स्वतंत्र सामने भरविले. त्यांच्या खटपटीस यश येऊन १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी पाच मैदानी स्पर्धा ठेवण्यात आल्या. त्यांत ८०० मीटरची धाव ही सर्वांत लांब पल्ल्याची होती.

त्या शर्यतीत जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांत जागतिक विक्रम केला. जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या आल्या. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. परंतु कित्येक वृत्तपत्रांनी निम्म्या स्त्रिया वाटेतच कोसळल्या असे छापले. वस्तुतः शर्यत संपल्यावर पुरुषही धापा टाकीत जमिनीवर आडवे होतात. म्हणून पुरुषांची शर्यत कोणी बंद केली नाही. स्त्रियांची मात्र बंद झाली. ती पुन्हा सुरू होण्यास १९६० चे रोम ऑलिंपिक उजाडावे लागले. एका खोट्या वार्तेपायी बत्तीस वर्षांतील मुलींची संधी गेली!

पुढे अंतर हळूहळू वाढत गेले. १९७२ साली १५०० मीटर, १९८४ साली मॅरेथॉन आणि २००८ साली ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत स्त्रियांस खुली झाली. याच अडथळ्यांच्या शर्यतीत सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याची कन्या ललिता बाबर हिने २०१६ साली रिओ येथे अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. ती शर्यत खुलीच झाली नसती, तर तिचे सामर्थ्य जगास कसे दिसले असते?

माझ्या शिक्षकी पेशात आठवी-नववीत गेलेल्या मुलींचे मैदानावर येणे बंद झालेले मी अनेकदा पाहिले. पालकांस कारण विचारावे, तर "तिला झेपणार नाही," एवढेच उत्तर मिळे. १९२८ साली अधिकाऱ्यांनी दिलेले कारण याहून फारसे निराळे नव्हते. बंदी घालणारा बहुधा दुष्ट नसतो. काळजीच्या पोटीच तो वाट अडवितो. म्हणूनच त्यास आपली चूक दिसत नाही.

ज्ञातिबंधूंस व भगिनींस एवढीच विनंती की, आपल्या वार्षिक संमेलनातील खेळांत मुलींसाठी लिंबू-चमचा आणि संगीत-खुर्ची एवढेच न ठेवता मुलांइतक्याच अंतराची धावण्याची शर्यत ठेवावी. झेपते की नाही, हे मुलींनाच धावून ठरवू द्यावे.