जालना जिल्ह्यातील वन्यप्राणी

जालना जिल्ह्यातील वन्यप्राणी : मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात माळरान, डोंगरउतार, नदीकाठ आणि शेतशिवार यांच्या आश्रयाने राहणारे प्राणी. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. परतूर तालुका त्याला परभणी जिल्ह्यातून जोडण्यात आला. क्षेत्रफळ सु. ७,७०० चौ. किमी., तर वनक्षेत्र जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. राज्यातील सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते, आणि त्यावरून इथे रानटी जनावर ते काय असणार, असे सर्रास धरून चालतात. हा समज चुकीचा आहे. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात गवताळ माळ आणि काटेरी झुडपे हेच अस्सल रान होय. जिल्ह्यातले बहुतेक मोठे प्राणी या उघड्या जमिनीचेच आहेत.

माळरान : काळ्या पाषाणावर वीतभर मुरमाड माती, तीवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि मधूनमधून तरवड, हेकळ, बोर, हिवर, बाभूळ. पावसाळा संपला की महिन्या-दोन महिन्यांत सगळे पिवळे पडते. इथला मुख्य प्राणी काळवीट. वयात आलेल्या नराची पाठ काळीभोर होते, पोट आणि डोळ्यांभोवतीचे कडे पांढरे राहते. शिंगे पीळदार, मादीला ती सहसा नसतात. वजन ३५ ते ४० किलो. माळावर एकाच जागी लेंड्यांचा पसरट थर दिसला, तर ती एखाद्या नराची हद्द समजावी. वरच्या लेंड्या ताज्या, काळ्या आणि चकचकीत. खालच्या उन्हाने पांढरट होऊन भुगा झालेल्या. नर तिथे रोज येतो आणि आसपासच्या काड्यांच्या टोकांना डोळ्यापुढच्या ग्रंथीतला काळपट, चिकट स्राव पुसतो. हद्द सांभाळणारा नर चरण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्यांना हुसकावण्यातच बराच वेळ घालवतो.

काळविटाचा वेग ताशी ८० किमी.पर्यंत जातो. एवढ्या वेगाने त्याचा पाठलाग करू शकणारा चित्ता एकेकाळी दख्खनमध्ये होता. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चिंकारा काळविटाहून लहान, सु. २० किलोचा. तो ओघळींच्या कडेने तुरळक आढळतो आणि पाला-फळांतल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो.

लांडगा हा आज या माळाचा सर्वांत मोठा शिकारी. अंगाने सडपातळ, वजन सु. २० किलो. हिवाळ्यात ओढ्याच्या दरडीत किंवा झुडपाखालच्या बिळात मादी विते. नर-मादी दोघेही शिकारीचे मांस पोटात घालून आणतात आणि पिल्लांपुढे ओकून त्यांना भरवतात. हरणे घटली तसा त्याचा भार शेळ्या-मेंढ्यांवर आला. धनगर रात्री वाघर (जाळे) लावून मेंढरे कोंडतात, कुत्री राखणीला ठेवतात, तरी एखादे कोकरू जातेच. पिढ्यानपिढ्या हे नुकसान सोसून लांडग्याला जगू देणाऱ्या धनगरांचे ऋण वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले पाहिजे. खोकड उंदीर, किडे आणि बोरे खाते. कोल्हा उसापासून मेलेल्या जनावरापर्यंत काहीही. तरस मेलेल्या ढोरांची हाडे फोडून खाते, त्यामुळे त्याची विष्ठा खडूसारखी पांढरी असते. मढ्यावर जगणारी गिधाडे मात्र डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने देशभर मेली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता.

डोंगरउतार : उत्तरेला भोकरदन आणि जाफ्राबाद तालुक्यांत अजिंठ्याच्या रांगा येतात. सालई, धावडा, पळस, सीताफळ असे पानगळीचे विरळ रान त्यांच्यावर आहे. बिबट्या, सायाळ, वानर आणि मोर ही इथली वस्ती. पश्चिमेला याच रांगांत गौताळा औट्रमघाट अभयारण्य (१९८६, सु. २६० चौ. किमी.) आहे. ते जिल्ह्याबाहेर असले तरी बिबट्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

नदीकाठ : दक्षिण सीमेवर गोदावरी, आतल्या भागात पूर्णा आणि दुधना. जालना शहराजवळच्या निजामकालीन घाणेवाडी जलाशयावर हिवाळ्यात पाहुणी बदके उतरतात. गोदाकाठाला अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि त्यात रानडुकरांना बारमाही लपण मिळाले. जागेनुसार प्राण्यांची वाटणी जुनीच आहे : आयुर्वेदातील चरकसंहितेत कोरड्या, उघड्या प्रदेशातले ते जांगल आणि पाणथळीचे ते आनूप, असे प्राण्यांचे वर्ग आहेत. एण, म्हणजे काळवीट, जांगलात आणि डुक्कर आनूपात. जांगलाच्या यादीत पुराणांतला आणि गडांच्या दरवाजांवर कोरलेला शरभही आहे. पुढे त्याच्याभोवती आठ पायांच्या, सिंहालाही मारणाऱ्या कल्पित पशूची कथा वाढली. शरभालासुद्धा त्याचे रान नेमून देणाऱ्या त्या ग्रंथकारांना, प्राणी जागेपासून तोडून सांगता येत नाही, हे पक्के कळले होते.

शेतशिवार : रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांनी शेत हेच घर केले आहे. रोह्याचा नर दोनशे किलोंहून अधिक भरतो. कोवळी तूर, हरभरा आणि सोयाबीन यांत कळप शिरला की एका रात्रीत पट्टा साफ होतो. शेतकरी माचाणावर जागतात, फटाके वाजवतात, बांधाभोवती जुन्या साड्या लावतात. पंचनामा झाल्यावर वनविभागाकडून भरपाई मिळू शकते, परंतु ती वेळेवर हाती पडली नाही, तर प्राण्यांविषयीची आस्था टिकवण्याचा सगळा भार एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यावर पडतो. हे अन्यायाचे आहे.

संरक्षण : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काळवीट, चिंकारा, लांडगा आणि बिबट्या यांना सर्वोच्च संरक्षण आहे. कायदा जनावराला वाचवतो, त्याच्या माळाला नाही. माळ रिकामा समजून तो नांगरला जातो, प्रकल्पांना दिला जातो किंवा खड्डे खणून तिथे ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली जाते. यातली शेवटची गोष्ट सद्हेतूने होते, तरीही सावली वाढली की गवत मरते आणि काळवीट उठून जाते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग बदनापूर व जालना तालुक्यांतून जातो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणाने कळपांच्या वाटा तुटतात. प्राण्यांसाठी ठेवलेले भुयारी मार्ग मोकळे राहतात की नाही, यावर पुढचे बरेचसे अवलंबून आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात निघालेली जनावरे कठडे नसलेल्या विहिरींत पडतात. त्यावर कठडा बांधणे आणि माळावरच उथळ पाणवठा राखणे हे उपाय गावपातळीवर करता येतात.