ध्वनिबाहू-उचलक

ध्वनिमुद्रिकेची एक बाजू वाजून संपताच सुईला खाचेतून आपोआप वर उचलणारी यांत्रिक वा विद्युत् योजना. सुई ज्या लांब दांडीच्या टोकाशी बसविलेली असते, तिला टोनआर्म किंवा ध्वनिबाहू म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. सुईचे रक्षण हा या योजनेचा हेतू होय. तथापि ग्रामोफोनच्या आरंभीच्या सु. पन्नास वर्षांत सुईचे रक्षण करावे असे कोणास वाटण्याचे फारसे कारण नव्हते. त्या काळी जपायची ती तबकडी. सुई झिजण्यासाठीच असे.

टॉमस आल्वा एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७ मध्ये आणि एमिल बर्लिनर यांचा सपाट तबकडीचा ग्रामोफोन १८८७ मध्ये पुढे आला. बर्लिनर यांच्या पद्धतीच्या तबकड्या पुढे लाखेच्या मिश्रणापासून बनू लागल्या. या मिश्रणात दगडाची बारीक पूड घातलेली असे. तबकडीच्या पहिल्या काही फेऱ्यांतच ही पूड पोलादी सुईचे टोक घासून त्याला खाचेचा आकार देई आणि त्यानंतर सुई खाचेत नीट बसून वाजे. साहजिकच तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू संपेपर्यंत टोक बोथट होई. तीच सुई पुन्हा वापरल्यास तिच्या कडा खाचेच्या भिंती खरवडीत. यामुळे प्रत्येक वेळी नवी सुई वापरावी, अशी सूचना सुयांच्या डब्यांवर छापलेली असे. साउंडबॉक्सचा सुईवरील भार १०० ग्रॅ.हून अधिक असल्याने ही सूचना पाळणे तबकडीच्या हिताचे होते. पण काटकसरी घरांत ती किती पाळली जाई, हे जुन्या तबकड्यांवरील पांढुरक्या पट्ट्यांवरून दिसून येते. भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक काळ, म्हणजे १९६०–७० या दशकातही, चालू राहिले. म्हणून पोलादी सुयांच्या छोट्या डब्या येथील घरांतून उशिरापर्यंत आढळत. या रीतीला एडिसन यांची १९१२ ची तबकडी-पद्धत हा ठळक अपवाद होता. तीत कायमची हिऱ्याची सुई असून ती पुढे सरकविण्याचे काम खाचेवर न सोपविता यंत्रातील आटे पाडलेल्या दांड्याकडे दिलेले होते.

सुई कवडीमोल असली, तरी तबकडीच्या अखेरीस काय करावयाचे हा प्रश्न तेव्हाही होताच. सुरुवातीच्या तबकड्यांवरील खाच ध्वनी संपला की तेथेच संपे आणि वेळीच उचलली नाही तर सुई घसरत मधल्या कागदी पट्टीवर जाई. यावर पहिला उपाय झाला तो बाहू उचलण्याचा नव्हे, तर चावीचे यंत्र थांबविण्याचा. आरंभीचे स्वयंचलित ब्रेक प्रत्येक तबकडीसाठी हाताने जुळवून घ्यावे लागत, कारण ध्वनी कोठे संपणार हे तबकडीगणिक बदले. १९२०–३० या दशकात तबकडीच्या अखेरीस केंद्रापासून किंचित ढळलेली वर्तुळाकार खाच पाडण्याची पद्धत रूढ झाली. तीत शिरलेली सुई बाहूला आतबाहेर झुलवी आणि त्या हालचालीने ब्रेक लागे. अशा प्रकारे अखेरीची खूण तबकडीवरच आली. व्हिक्टर कंपनीने १९२७ मध्ये बाजारात आणलेल्या तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रात याच खुणेचा उपयोग झाला.

खरा बदल १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादन तबकडी (एलपी) आणल्यावर घडून आला. व्हायनिलमध्ये दगडाची पूड नव्हती आणि खाच अतिशय अरुंद होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरील सुईच्या टोकाची त्रिज्या सु. ७५ मायक्रॉन असे. एलपीसाठी ती सु. २५ मायक्रॉनपर्यंत खाली आली. १९५८ च्या सुमारास आलेल्या स्टीरिओ तबकड्यांसाठी ती आणखी कमी करावी लागली. झिजून आकार घेणारी सुई येथे निरुपयोगी होती. तिच्या जागी नीलमण्याचे वा हिऱ्याचे घासून घडविलेले टोक आले, ते धरणारी दांडी केसासारखी बारीक झाली आणि भार काही ग्रॅमांवर उतरला. संपर्काचे क्षेत्र मात्र इतके लहान असते की, दीडदोन ग्रॅ. भाराखालीही खाचेच्या भिंतीवरील दाब दर चौ. सेंमी.ला शेकडो किग्रॅ.च्या पुढे जातो. आता तबकडी व सुई या दोन्ही नाजूक वस्तू ठरल्या. शिवाय दोहोंत सुई अधिक महाग.

स्वयंचलित यंत्रांतील अखेर ओळखण्याची युक्ती साधी पण कल्पक होती. संगीत चालू असताना एलपीवरील बाहू दर फेरीस सु. ०·१ मिमी. आत सरकतो, अखेरच्या मोकळ्या खाचेत तो एका फेरीत कित्येक मिमी. आत जातो. बाहूशी जोडलेला एक हलका खटका फिरत्या ताटाखालील उंचवट्याजवळ सरकत असतो. बाहू मंद गतीने सरकत असेल, तर दर फेरीस उंचवटा खटक्याला मागे ढकलतो. बाहूने एकदम उडी घेतली, तर खटका उंचवट्यात अडकतो आणि मोटरच्याच शक्तीने बाहू उचलणारी दंतचक्रे फिरू लागतात. स्विंडन येथील गॅरार्ड आणि पश्चिम जर्मनीतील ड्युअल या कंपन्यांची लक्षावधी यंत्रे अशाच तत्त्वावर चालत.

या खटक्यास ढकलण्याचे श्रम अखेर सुईलाच पडतात. भार आठदहा ग्रॅ. असताना ते जाणवत नसत; तो दीड ग्रॅ.वर आल्यावर बाजूस पडणारी ही ओढ दोषास्पद मानली जाऊ लागली. त्यामुळे १९७० नंतर लिन, रेगा यांसारख्या ब्रिटिश उत्पादकांनी उत्तम प्रतीच्या यंत्रांतून स्वयंचलित भाग वगळला. सुईच्या रक्षणासाठी आलेली योजना सुईच्याच हितासाठी दूर झाली, असा हा विलक्षण क्रम आहे. काही उत्पादकांनी घर्षणरहित मार्ग शोधले. बँग अँड ओलुफसन या डॅनिश कंपनीच्या बीओग्राम ४००० (१९७२) या यंत्रात ताटावर तबकडी आहे की नाही हे प्रकाशकिरणाने तपासले जाई आणि ती नसल्यास सुई खाली येतच नसे.

वगळलेल्या यंत्रणेची उणीव भरून काढण्यासाठी सुटा उचलक आला. हा एक लहान खांब असून तो बाहूच्या बाजूस बसवितात. बाहू आत येऊन त्याच्या संवेदनशील तरफेस स्पर्श करतो आणि दाबून ठेवलेली स्प्रिंग मोकळी होते. दाट सिलिकोन तेलाच्या अवरोधामुळे बाहू हिसका न बसता वर जातो. त्याची जुळणी नाजूक असते. १२ इंची तबकडीवर संगीत सु. १२० मिमी. व्यासापर्यंत येऊ शकते आणि बंद खाच सु. १०६ मिमी. व्यासावर असते; म्हणजे उचलकास मोकळी असलेली पट्टी जेमतेम ७ मिमी. रुंदीची होय. तो अगोदर सुटला, तर रागाची अखेरची तिहाईच कापली जाते.

सुई रात्रभर बंद खाचेत फिरत राहिली, तर किती हानी होते? आठ तासांत १६,००० फेऱ्या व सु. ५·३ किमी. अंतर होते. एलपीची एक बाजू सु. ४३० मी. लांबीची धरल्यास हे अंतर बारा बाजूंइतके, म्हणजे चारेक तासांच्या वादनाइतके भरते. ५० तासांत झिजणाऱ्या नीलमण्याच्या बाबतीत ही हानी मोठीच होती. ५०० ते १,००० तास टिकणाऱ्या हिऱ्याच्या बाबतीत ती एका टक्क्याहूनही कमी भरते. झिजेची धास्ती बव्हंशी नीलमण्याच्या काळातून चालत आलेली आहे. हिऱ्याच्या सुईला खरा धोका असतो तो अर्धवट झोपेत, घाईने बाहू उचलणाऱ्या हाताचा. दांडी वाकते ती तेव्हाच. उचलकाची उपयुक्तता मुख्यतः येथे आहे.

१९८२ मध्ये सीडी आल्यावर हा विषय मागे पडला. पुढे एलपींचा खप पुन्हा वाढला. अमेरिकेत २०२० मध्ये त्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडींहून अधिक झाले. नव्या यंत्रांपैकी अनेक हाताने चालविण्याची असल्याने सुटे उचलकही पुन्हा तयार होऊ लागले. नॉर्वेतील लिटल फ्वेंड हा त्यांपैकी एक. दरम्यान जपानमध्ये सुईऐवजी लेसर किरणाने खाच वाचणारे यंत्र विक्रीस आले होते. त्यात झिजण्यासारखे काही नाही. परंतु खाचेतील धूळ बाजूस सारणारी सुईही नाही. यामुळे त्यावर वाजविण्यापूर्वी तबकडी स्वच्छ धुवावी लागते.