बटाटा

बटाटा (पुं.; अ. व. बटाटे; सामान्यरूप बटाट्या-) : सोलॅनम ट्यूबरोझम या वनस्पतीचा खाद्य कंद. हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘बाताता’वरून आला, त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत आहे. १४९२ नंतर स्पॅनिश सत्तेखाली ताइनो समाज रोगराईने आणि वेठबिगारीने उद्ध्वस्त झाला व त्याची भाषाही लोपली. त्या भाषेतून उरलेल्या थोडक्या शब्दांपैकी हा एक लालबाग-परळच्या स्वयंपाकघरांत आजही रोज बोलला जातो, ही मोलाची गोष्ट आहे.

ताइनोमध्ये हे नाव रताळ्याचे होते. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात. दोन्ही कंद युरोपात पोचल्यावर नावांची सरमिसळ झाली आणि रताळ्याचे नाव बटाट्याला लागले. हिंदीने या नव्या पिकासाठी जुना कंदवाचक ‘आलू’ वापरला. मराठी, कोकणी आणि गुजरातीने पोर्तुगीज शब्द घेतला. वसई, मुंबई, गोवा या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचा दीर्घ वावर होता. मुंबई बेट १५३४ पासून १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत त्यांच्याकडेच होते. पगार, चावी, पाव, घमेले हे शब्दही त्याच वाटेने आले. पोर्तुगीज दंत्य ‘त’ मात्र इथे दोन्ही जागी मूर्धन्य ‘ट’ झाला.

परका असूनही बटाटा उपवासाला चालतो; इथे आधीपासून असलेला कांदा मात्र चालत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) ‘बटाटे’ हे चाळमालकाचे आडनाव आहे.

बटाटावडा, बटाटेपोहे, कांदेबटाटे हे रूढ समास. बटाटावड्यासाठी दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह आणि छबिलदास गल्लीतले ‘श्रीकृष्ण’ प्रसिद्ध. १९६० च्या दशकात दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. पाळीवर निघालेल्या गिरणी कामगाराला तो उभ्याउभ्या, स्वस्तात खाता येई. या पदार्थाच्या नावातून ‘बटाटा’ गळाला. गाडीवर सगळे ‘वडापाव’च मागतात. उडप्याकडे नुसता ‘वडा’ म्हटल्यास मेदूवडा येतो, म्हणून तिथे ‘बटाटावडा’ हे पूर्ण नाव टिकून आहे.