पाळणा कोणी हलवायचा?

वर्गात हजेरी घेताना एखाद्या मुलीच्या नावापुढे चार-चार दिवस गैरहजेरी पडते आणि शेजारची मैत्रीण उठून सांगते, "बाई, ती धाकट्याला घेऊन घरी बसलीय. तिची आई कामाला जाते." इतकी वर्षे शिकवते आहे, पण हे उत्तर काही जुने होत नाही. ते ऐकले की मला माझी थोरली आत्या आठवते.

आमची आजी लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. माझे वडील १९४७ साली जन्मले. ते जेमतेम दोन महिन्यांचे झाले आणि आजी पुन्हा कामावर गेली. त्याच दिवशी आत्याची शाळा सुटली. ती तेव्हा चौथीत होती. "आजीने गिरणीत राबून मुलांना शिकवले" असे आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगतात. ते खोटे नाही. पण त्या वाक्यात आत्याचे नाव कुठेच येत नाही.

नोकरी करणाऱ्या आईचा प्रश्न सुशिक्षित घरांत उपजला, असा आपला एक समज आहे. वास्तविक तो आपल्याकडे पहिल्यांदा ऐरणीवर आणला गिरणगावातल्या बायकांनी. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत दर पाचांमागे एक तरी बाई असे. रिळिंग आणि वाइंडिंग ही खाती तर त्यांचीच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुरुष त्या दिवशी भजनाला, आखाड्यात जात. बायकांचा रविवार मात्र आठवड्याचे धुणे, दळण आणि सारवण यांत सरे.

आणि तान्ह्या मुलाचे काय? त्याला बाळगोळी! वाटाण्याहूनही लहान अशा त्या गोळीत अफू असे. पहाटे भोंगा वाजायच्या आत ती मुलाला चाटवली, की मूल दुपारपर्यंत गुंगीत पडून राही. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या आईला दोष देण्यापूर्वी तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती, हेही विचारले पाहिजे. दिवसाची मजुरी गेली तर संध्याकाळची चूल पेटत नसे.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई विधिमंडळात असवले यांनी तसेच विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमातून मालकाला नफा होतो, म्हणून त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. रोजी आठ आणे भत्ता आणि बाळंतपणानंतर चार आठवडे कामावर न येण्याची मुभा नव्हे, सक्ती! हिंदुस्थानातला हा अशा तऱ्हेचा पहिलाच कायदा.

कायदा चांगला होता, पण पैसे मोजायचे एकट्या मालकाने. बाबासाहेबांनी सांगितलेला सरकारचा वाटा बाजूलाच राहिला. बाई ठेवली की भत्ता आला, शिवाय तिला रात्रपाळीला बोलावता येत नाही, असा हिशेब मालक करू लागले. त्यात नव्या यंत्रांची भर पडली आणि पुढल्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या.

शिवाय कायदा आठवडे मोजत होता, आणि मूल तर वर्षांनी वाढते! पन्नासांहून अधिक बायका जिथे काम करतात तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, असे १९४८च्या कारखाने कायद्याने ठरवले. काही गिरण्यांत तशी सोय आधीपासूनही होती. आजीच्या गिरणीत नव्हती. आत्याला तो कायदा एक वर्ष उशिरा आला. १९६१च्या कायद्याने प्रसूतीची रजा बारा आठवडे केली, २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांपुरती ती सव्वीस आठवड्यांवर नेली. पण भांडी घासणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या, विटा वाहणाऱ्या आईला रजेचा अर्ज द्यायचा तरी कोणाकडे?

हे दुखणे नेमके ओळखले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन शिक्षिकांनी. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले; १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत? काखेत धाकटे भावंड असते म्हणून! मग बाईंनी मुलींना रागे भरण्याऐवजी भावंडालाच शाळेत आणायला सांगितले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ती 'विकासवाडी'. आई मजुरीला, धाकटे पाळण्यात आणि थोरली पाटीपुढे. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला त्या थोरलीकडे कोणी तरी पाहावे लागते.

मी तरी कुठे पाहिले होते? माझी मुलगी लहान असताना मी रोज सकाळी निर्धास्तपणे शाळेला निघे, कारण दारात आत्या उभी असे. सत्तरी गाठलेली, पदर खोचलेली. एकदा मी तिला सहज म्हटले, "आत्या, तू होतीस म्हणून माझी नोकरी टिकली." ती हसून म्हणाली, "अगं, तुझ्या बापाला सांभाळलं, तुझ्या पोरीला सांभाळतेय. मला दुसरं येतंय काय?"

त्या वर्षीच्या भाऊबीजेला वडिलांनी ओवाळणीच्या तबकात नेहमीप्रमाणे नोट ठेवली. मी पाहत होते. मनात आले, चौथीनंतरची सारी वर्षे या तबकात कशी मावतील?

हजेरीपटावर आता मी त्या मुलीच्या नावापुढे नुसती गैरहजेरी मांडत नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाते, आणि धाकट्यालाही घेऊन ये म्हणून सांगते.