राईचा नियम

भोर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राई आहे. नियम कागदावर कुठंच नाही, पण पोरासोरांना पाठ. राईत कुऱ्हाड चालवायची नाहीच, पण पडलेली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही. आजी म्हणायची, "देवाचं हाय ते, आपल्या चुलीसाठी न्हाई."

या नियमानं मोठं काम केलं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतर सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून पाहिल्या, त्यांवर लिहिलं. भोवतीचे डोंगर कोळशापायी बोडके झाले, तिथंही राईतली जुनी झाडं आणि वेली उभ्या होत्या. आमचा झराही राईमुळंच टिकला. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की अर्धं गाव त्याच पाण्यावर असतं.

राईतून काय न्यायचं नाही हे वाडवडलांनी सांगितलं. राईत काय टाकायचं नाही हे सांगितलं नाही, कारण गरजच नव्हती. जत्रेला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण असायचे. जेवणं उरकली की सगळं खड्ड्यात. एका पावसाळ्यात त्याची माती व्हायची.

१९९० नंतर पिशव्या आल्या, गुटख्याच्या पुड्या आल्या, थर्माकोलच्या ताटल्या आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या. टाकायची सवय जुनीच राहिली, वस्तू तेवढी बदलली. पहिल्या मोठ्या पावसात हे सारं झऱ्याच्या तोंडाशी तुंबतं, उरलेलं खाली भातखाचरात येतं. चिखलणी करताना पायात काच घुसते. उष्ट्यासकट पिशवी गिळून आमच्या आळीतली एक गाभण गाय गेली.

पर्यटक घाण करतात, हे खरंच आहे. पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी राईत जाऊन बघा, तो कचरा आपलाच असतो.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन मागून. त्यांच्या नावानं २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आमच्याही गल्ल्या लखलखीत झाल्या. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटं यांवर बंदी आली. पण खराटा वेशीपर्यंतच पोचतो, आणि राईत दंडाची पावती फाडायला कोण बसणार? काडी न उचलायचा नियम कुणी बघत नसतानाही पाळला गेला. कचऱ्याचाही नियम तसाच मनात बसायला हवा.

गावबैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, "देवानं असं कधी सांगितलं न्हाई." त्यावर आमच्या भावकीतले थोरले अण्णा म्हणाले, "काडीचं तरी देवानं कुठं सांगितलं व्हतं? आपल्याच म्हाताऱ्यांनी ठरवलं. आता म्हातारं आपुन झालो."

त्या दिवशी ठरलं, राईत नेलेली वस्तू परत घरी आणायची. जत्रेच्या पत्रावळी पुन्हा पळसाच्या. लावणाऱ्या बाया आता थोड्या राहिल्यात, म्हणून जत्रेआधी आठ दिवस त्या देवळाच्या पडवीत बसतात आणि शाळेतल्या पोरींना शिकवतात.