भीतीच्या आधीचे काही सेकंद

१९३१ सालचा युनिव्हर्सलचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुरू होतो तेव्हा आधी पृथ्वीचा गोल दिसतो आणि त्याला वळसा घालणारे एक छोटे विमान. ही कंपनीची ओळख. आता कथा सुरू होईल असे वाटते, पण रंगमंचाचा पडदा सारून सुटाबुटातला एक गृहस्थ पुढे येतो. हा नट एडवर्ड व्हॅन स्लोन. याच चित्रपटात तो पुढे डॉ. वाल्डमनच्या भूमिकेत आहे. आत्ता मात्र तो कंपनीचे संस्थापक कार्ल लेमली यांच्या वतीने बोलतो आणि कच्च्या काळजाच्या प्रेक्षकांना आधीच सावध करतो. कंपनीची पाटी लावून झाल्यावर कंपनी स्वतःच प्रेक्षकांसमोर उभी राहते.

भयपट काढणाऱ्या कंपन्यांच्या आरंभचिन्हांचा अभ्यास करायचा तर मी याच दृश्यापासून सुरुवात करा म्हणेन. ही चिन्हे काही सेकंदांची असतात. तेवढ्यात प्रेक्षक आपली खुर्ची शोधतो, मोबाइल बंद करतो. अभ्यासकही बराच काळ कथा, दिग्दर्शक आणि राक्षस यांच्यातच रमले. जेरार जेनेट या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा पुस्तकाच्या दाराशी उभ्या असलेल्या मजकुरांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. चित्रपटाच्या दाराशी काय उभे असते, हे विचारायला त्याने मोठे बळ दिले. तुमच्या हातातल्या या पुस्तकातले लेख तोच प्रश्न भयपटाला विचारतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे: पैसा कुठून आला आणि भीती कुठून येणार, या दोन्ही गोष्टी भयपटाचे आरंभचिन्ह एका दमात सांगते. इतर चित्रपटांत चिन्ह संपते आणि गोष्ट सुरू होते. भयपट ही हद्द वारंवार ओलांडतो. कारण उघड आहे. चिन्ह पडद्यावर असेपर्यंत प्रेक्षक स्वतःला सुरक्षित समजतो, आणि नेमका तोच समज मोडणे हे भयपटाचे काम आहे.

याचा सर्वांत नेमका नमुना ‘एलियन ३’मध्ये (१९९२) ऐकायला मिळतो. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची तुतारीवजा धून आल्फ्रेड न्यूमन यांनी १९३३ साली रचली. प्रकाशझोत, सोनेरी अक्षरे आणि ती धून जगभरच्या प्रेक्षकांच्या कानात बसलेली आहे. तिचा शेवट कुठे होतो हे न शिकताही कळते. ‘एलियन ३’चे संगीतकार इलियट गोल्डनथाल यांनी ती शेवटच्या सुराआधीच थांबवली. सूर तिथेच अडकतो, लांबत जातो, बेसूर होत जातो आणि सुटत नाही. पडद्यावर सगळे नेहमीचेच आहे. बिघडलेला आहे तो फक्त एक स्वर. हा भाग हेडफोन लावून, दोन-तीनदा ऐकावा. कंपनीची सहीच कोणीतरी गिळली आहे असे वाटते, आणि चित्रपटाचे एकही पात्र अजून समोर आलेले नसते.

इंग्लंडच्या हॅमर कंपनीची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती अधिक जिव्हाळ्याची वाटते. १९३४ साली स्थापन झालेल्या या कंपनीला नाव मिळाले ते संस्थापक विल्यम हाइंड्स यांच्या रंगभूमीवरच्या टोपणनावावरून, विल हॅमर. तिचा ‘ड्रॅक्युला’ १९५८ साली अमेरिकेत गेला तो युनिव्हर्सलमार्फत. म्हणजे वितरकाची पाटी मोठी, आणि ज्यांनी चित्रपट घडवला त्यांचे नाव श्रेयनामावलीत. मग हॅमरने आपली ओळख ठेवली कुठे? नावे पडत असताना दगडी गरुड दिसतो, जेम्स बर्नार्ड यांचे तीन सुरांचे संगीत ‘ड्रॅ-क्यु-ला’ असे नावच घोकत राहते, कॅमेरा तळघरात उतरतो आणि शवपेटीवर कोरलेल्या नावावर लालभडक रक्त पडते. हॅमरचे खरे बोधचिन्ह हेच, असे मी मानतो. टेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत बर्नार्ड रॉबिन्सन तेच सेट पुन्हा पुन्हा फिरवून वापरत. काटकसरीतून आलेला तो सारखेपणाच कंपनीची खूण ठरला. १९६८ साली या कंपनीला निर्यातीतील कामगिरीसाठी राणीचा उद्योग-पुरस्कार मिळाला.

काटकसर आणि भीती यांचे नाते जेसन ब्लम यांच्या ब्लमहाउस कंपनीत आणखी उघड होते. तिच्या आरंभचिन्हात एक अंधारे घर आहे आणि त्यातल्या वस्तू आपोआप हलतात. हे घर भुताचे आहे, तसेच ते अंदाजपत्रकाचेही आहे: एकाच घरात चित्रीकरण, मोजके नट, कमी खर्च. या कंपनीचे नाव ज्या चित्रपटाने झाले तो ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ दिग्दर्शक ओरेन पेली यांनी सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. २००९ साली पॅरामाउंटने तो सर्वत्र प्रदर्शित केला आणि त्याची जगभरची कमाई १९ कोटी डॉलरच्या वर गेली. त्याच्या सुरुवातीला नेहमीची नामावली नाही. त्याऐवजी पॅरामाउंट दोन मुख्य पात्रांच्या कुटुंबीयांचे आणि पोलिसांचे आभार मानते. १९३१ साली कंपनी गोष्टीबाहेर उभी राहून सावध करत होती. इथे ती गोष्टीत शिरून खोटी साक्ष देते. या दोन क्षणांमधले अंतर नीट मोजले तर भयपटाच्या इतिहासाचा मोठा भाग हाती लागेल.

नव्या अभ्यासकांना एक सूचना. जी प्रत पाहाल तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. हक्क विकले जातात, नवा मालक जुन्या चिन्हावर स्वतःचे चिकटवतो. उलटही घडते: सॅम रेमी यांनी ‘ड्रॅग मी टू हेल’साठी (२००९) मुद्दाम युनिव्हर्सलचे जुने चिन्ह वापरले.

आणि आपल्याकडे? प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री मराठी प्रेक्षकाच्या मनात घर करून आहे, पण भयपटाकडे त्या नजरेने फारसे कोणी पाहिलेले नाही. कराचीहून मुंबईत आलेल्या रामसे कुटुंबातले सात भाऊ लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी अशी कामे घरातच वाटून घेत. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) चित्रित करायला सगळे कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिले. त्यांच्या पोस्टरवर ‘रामसे’ हे आडनावच चिन्हाचे काम करी. पडद्यावर मात्र सर्वांत आधी येई ते सेन्सॉरचे प्रमाणपत्र: फक्त प्रौढांसाठी असल्याचे सांगणारे अक्षर, रिळांची संख्या, आणि काटछाट झाली असेल तर कोपऱ्यातला छोटा त्रिकोण. काहीतरी कापले गेले आहे हे प्रेक्षकाला गोष्टीआधीच समजे, आणि काय कापले असेल याची कल्पना तो स्वतः करू लागे. सरकारी कागदाने भयपटाला केलेली ही मदत सविस्तर लिहिण्याजोगी आहे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ची (१९८८) मूळ फिल्म-प्रत पाहायला मिळाली, तर नोंदवहीत पहिली नोंद त्या प्रमाणपत्राची करा: तारीख, रिळे, लांबी, त्रिकोण आहे की नाही. मग पुढची चौकट.